चुन्याचं दार

माझ्या हाताखाली चौघं काम करतात, दोन मुलं आणि दोन मुली. चौघांनाही माझा धाक आहे असा माझा बरेच दिवस समज होता. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन त्यांच्या खोलीकडे गेले, तर आत माझी नक्कल चालली होती. "हिरवा कुठे गेला? इथला हिरवा कोणी खाल्ला?" आवाज हुबेहूब माझा, हात कमरेवर ठेवायची तऱ्हाही माझीच. मी दारात उभी राहून सगळं ऐकलं. नक्कल इतकी फर्मास होती की रागवायला जमेना, तरी बाईसाहेबांसारखा चेहरा करून मी आत गेले आणि माझ्या डब्यातली भाजी त्यांच्या ताटांत वाढली.

हिरवा म्हणजे शेती. आमचं काम जमिनीच्या वापराचं आहे. गावातली कुठली जमीन आज कशासाठी वापरली जाते याचा आधी नकाशा करायचा आणि पुढे ती कशासाठी वापरावी याचा आराखडा आखायचा. घरं पिवळी, शेती हिरवी, दुकानं निळी, कारखाने जांभळे. शिरूर आणि दौंड हे दोन तालुके आमच्या ऑफिसकडे आहेत. मी राहते दौंडला, ऑफिस शिरूरला, आणि रोजच्या त्या येण्याजाण्यात मला माणसं कमी आणि रंग जास्त दिसतात. पाटसच्या बाजूला उसाचा हिरवा, राहूकडे गेलं तर हिरवा डोळ्यांत मावत नाही, आणि शिरूरचा हमरस्ता लागला की जांभळा दरवर्षी थोडा पुढे सरकलेला असतो. नवऱ्याने एकदा स्वयंपाकघराला निळा रंग द्यायचा बेत केला, तर मी म्हटलं, मग गॅसवर दुकान मांडू का? त्याने हात टेकले आणि पिवळाच रंग दिला.

ऑफिसात माझा एकच कायदा कडक आहे. चालून आल्याशिवाय रंग भरायचा नाही. उपग्रहाचं चित्र कितीही स्वच्छ असलं तरी ज्याने रंग भरायचा त्याने त्या जमिनीवर पायांनी जाऊन यायचं. पोरं कुरकुरतात. चिखलात बूट रुततात, कुत्री मागे लागतात, कुणीतरी बांधावर थांबवून "कशाची मोजणी चाललीय?" म्हणून तासभर उलटतपासणी घेतं. तरी मी तो कायदा सैल केलेला नाही.

माझी नक्कल करणारी मुलगी रत्नागिरीकडची, चौघांत सगळ्यात नवी. बारीक, चुणचुणीत, आणि चालायला वाघीण. कवठे येमाईकडे जाताना रस्ता सोडून आत एक वाढतं गाव आहे, त्याचा आराखडा मी तिला दिला. तिचा स्वतःचा असा हा पहिलाच. पावसाळा सरता सरता ती रोज जायची आणि संध्याकाळी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून परत यायची. नकाशा तिने देखणा केला. त्यात मला आवडली ती तिची कल्पकता. गावाच्या खालच्या अंगापासून माळाकडे एक रुंद, सरळ रस्ता चढत जातो, तो तिथेच संपतो. तिने तो तसाच पुढे नेऊन पलीकडच्या हमरस्त्याला जोडायचं सुचवलं होतं. गावातली उसाची वाहतूक बाहेरच्या बाहेर निघून गेली असती. मी तिला विचारलं, "चालून आलीस?" ती म्हणाली, "आले ना मॅडम. त्यावरून एक जीपसुद्धा चालली होती." मी सही केली. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला, गावाच्या चावडीवर लागला, आणि लोकांच्या हरकती मागवल्या गेल्या.

हरकती नेहमीसारख्या आल्या. त्यांतली एक मात्र मला कळेना. माळावरच्या एका फूलशेतकऱ्याने लिहिलं होतं की आमचं घर रस्त्यात जातंय. मी नकाशा पाहिला. त्या गटात विहीर होती, शेवंती होती, घर नव्हतं.

"घर नाहीच आहे मॅडम," मुलगी ठामपणे म्हणाली. "मी त्या बांधावरून गेलेय."

"मग नसलेलं घर रस्त्यात जाईल कसं?"

"तेच तर!"

मी जीप काढायला सांगितली.

माळावर पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती. शेवंतीचे वाफे, त्यांच्या कडेला विहीर, आणि विहिरीपासून थोडं अलीकडे मोकळ्या जमिनीवर एक म्हातारं जोडपं चहा पीत बसलेलं. घर खरंच नव्हतं. मुलीने माझ्याकडे विजयाने पाहिलं आणि त्यांच्याकडे जायला झपझप पुढे झाली.

"आगं आगं आगं!" म्हातारी जागेवरून ओरडली. "भिंतीवरनं काय येतीस? दारातनं ये की!"

मुलगी एक पाय उचललेला तसाच धरून थांबली. आम्ही खाली पाहिलं. जमिनीवर चुन्याची पांढरी फक्की मारून सगळं घर आखलेलं होतं. सोपा, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे न्हाणी. समोरच्या रेघेत दोन हातांची फट सोडलेली, ते दार. आम्ही वळसा घालून त्या फटीतून आत गेलो. मी चपला काढल्या, का ते मला सांगता येणार नाही. म्हाताऱ्याने आम्हाला सोप्यात बसवलं आणि म्हातारी चहा आणायला म्हणून मधली रेघ चुकवत, नीट दारादारातून, स्वयंपाकघरात गेली.

त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, बाईंना मावशी. गावठाणातल्या घरात थोरल्या भावाच्या कुटुंबासोबत एका खोलीत त्यांचा संसार झाला होता. पोरं नोकरीला लागून बाहेर गेली. आता विहिरीजवळ स्वतःचं घर बांधायचं चाललं होतं. पण मावशींनी आबांना बजावलं होतं, आधी घर आखायचं, त्यात बसून बघायचं, मगच पाया खणायचा.

"वारं कुठनं येतं ते बघितल्याबिगर चूल कुठं मांडायची?" मावशी म्हणाल्या. "ह्यांनी आधी मोरी त्या अंगाला काढली हुती. रोज येऊन बसलो तवा कळलं, समदा वास सोप्यात येनार. पुसली आन् पुन्हा काढली."

"पाऊस आला की घर वाहून जातंय," आबा हसत म्हणाले. "पुन्हा फक्की आणायची. ह्या घराची डागडुजी लई हाय बगा."

मला हसू आलं. नियोजनाचं शिक्षण मी रीतसर घेतलं आहे, आणि आराखडा कसा तपासावा यावर आम्हाला बरंच काही शिकवलं होतं. त्यात बसून चहा पिऊन बघावं असं कोणी सांगितलं नव्हतं.

मग मावशी गंभीर झाल्या. त्या माझ्याशी बोलत होत्या, पण बघत होत्या त्या फटीकडे.

"मॅडम, लगीन झाल्यापासनं मी दुसऱ्याच्या दारातनं आत-भाईर करतीय. जाऊबाई चांगली हाय, मी न्हाई म्हनत न्हाई. पन दार तिचं. कुनी आलं तर ती म्हनायची, या. मी आतनं ऐकायची. मला माजं दार पायजे. आता पंचायतीत सांगत्यात, तितनं रोड जानार हाय, बांधकामाला परवानगी न्हाई. रोड कुटनं आला वो मदीच?"

मुलीने नकाशा मांडीवर उघडला. रस्त्याची दुहेरी रेघ तिने बोटाने दाखवली. ती बरोबर त्या चुन्याच्या दारातून येऊन चुलीवरून पलीकडे जात होती.

"मावशी, हा रस्ता खालून येतो ना गावातून, तोच पुढे न्यायचा आहे," ती समजावून सांगू लागली. "तो बघा, तो समोरचा."

आबांनी समोर पाहिलं. माळाच्या कडेपासून एक रुंद, सरळ पट्टा गावाकडे उतरत गेला होता. दोन्ही बाजूंना दगडी कठडे.

"कंचा रस्ता?"

"हाच."

"पोरी," आबा म्हणाले, "त्यो घाट हाय."

या भागात बैलगाड्यांच्या शर्यतींसाठी प्रत्येक गावाने आपला घाट राखलेला असतो. खालून वर चढत जाणारी लांब सरळ धाव. यात्रेच्या दिवशी खाली बैल सुटतात, जीव तोडून वर येतात, आणि माळावर येऊन थांबतात. बाकी वर्षभर तिथे शुकशुकाट. कुणी कांदा वाळत घालतं, कुणी म्हशी बसवतं, आणि नवी गाडी घेतलेली माणसं चालवायला शिकतात. वरून पाहिलं तर रस्ता. चालत गेलं तरी रस्ता. वर जीप दिसली, मग काय हवं? मुलगी कायदा पाळून चालून आली होती. फक्त यात्रेचा दिवस तिच्या वाट्याला आला नव्हता. कागदोपत्रीही तो घाट नव्हता, नुसतं गायरान होतं.

तिच्या चेहऱ्याचा रंगच गेला. चहा तिने तसाच ठेवला. आम्ही दारातून बाहेर पडलो.

जीपमध्ये मी तिला फाडून खाल्लं. माझा आवाज असा लागला की ड्रायव्हरने आरसा दुसरीकडे वळवला. गावात कुणाला विचारावंसं वाटलं नाही का, कोकणातून आलीस म्हणून डोळे घरी ठेवून आलीस का, असं बरंच काही. भीमेच्या पुलाकडे वळायच्या आधी ती उतरणार होती, तेव्हा म्हणाली, "मॅडम, मी हे काम सोडू का?"

"आधी हा आराखडा नीट कर," मी म्हटलं, "मग काय सोडायचं ते सोड."

घरी येईपर्यंत माझा राग निवला होता आणि त्याच्या जागी चिंता आली होती. कारण चूक नुसती कागदावर राहिलेली नव्हती. आराखडा लागून काही आठवडे झाले होते आणि तेवढ्यात हमरस्त्याच्या बाजूला प्लॉटचे बोर्ड उभे राहिले होते, "नियोजित रस्त्याला लागून" असे. नकाशावर एक रेघ पडली की माणसं तिच्यावर घरं, दुकानं, लेकीचं लग्न, सगळं रचायला लागतात. ती रेघ पुसायची म्हणजे आता त्या सगळ्यांना पुसायचं होतं. सुनावणीत तांत्रिक कारण सांगून रस्ता मुकाट्याने वगळावा, असं मी मनाशी ठरवलं. मुलीचं नाव मध्ये येऊ द्यायचं नाही. हाताखालच्या माणसाला लोकांच्या तोंडी द्यायचं नाही हे मी माझ्या साहेबांकडून शिकले होते.

सुनावणी गावातल्या समाजमंदिरात झाली. हॉल गच्च भरला होता. आबा आणि मावशी भिंतीला टेकून बसले होते, मावशींनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मी उभी राहून म्हटलं की तांत्रिक कारणामुळे हा रस्ता रद्द करण्याचा विचार आहे. बस, मोहोळ उठलं.

"कसलं तांत्रिक?"

"रोड पायजेच! आमी काय गुन्हा केला?"

सरपंच पुढच्या खुर्चीवर होते. मोठ्या शेतीचा माणूस, बोलणं गोड, पण मागे सरायला तयार नाही. "मॅडम, एका घरापायी समद्या गावाचा रोड घालवता व्हय? आन् घर तरी कुठं हाय? चुन्याच्या रेघा हायत. आबांना दुसरीकडं जागा देऊ. आमच्यातलेच हायत ते."

हॉलमधून होकार आला. मावशींनी पदर तोंडाला लावला. आबा जमिनीकडे पाहत राहिले.

मला एक गोष्ट तेव्हा लख्ख कळली. नकाशा वाचताना माणूस आधी आपला गट शोधतो, आणि तो सापडला की नकाशा मिटतो. इतक्या जणांनी तो नकाशा पाहिला होता, पण हमरस्त्याकडच्यांनी रस्त्याचं वरचं टोक पाहिलं होतं, आबांनी त्यांचा गट पाहिला होता, आणि खालचा भाग गायरानाचा, म्हणजे कुणाचाच नाही, म्हणून कुणीच पाहिला नव्हता. तो रस्ता कशावरून जातो हे त्या हॉलमध्ये मला, तिला आणि त्या म्हाताऱ्या जोडप्याला ठाऊक होतं. आणि ते दोघं, पोरीची फजिती नको म्हणून की काय, बोलत नव्हते.

मुलगी माझ्या कानाशी वाकली. "मॅडम, मी सांगू?"

मला नाही म्हणायचं होतं. तिच्याकडे पाहिलं आणि माझ्याच्याने नाही म्हणवेना. मी बाजूला सरकले.

"मी कोकणातली आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे इतकी लांब, सरळ जागा कुठे दिसत नाही. दिसली तर तो रस्ताच असतो. इथे मी तशी जागा पाहिली. तिच्यावर जीप चालत होती. मी तिला रस्ता समजले आणि पुढे वाढवला. ती माझी चूक आहे. तो रस्ता नाही, तो तुमचा घाट आहे."

भिंतीवर लावलेला नकाशा दिसावा म्हणून मागचे दोघं-चौघं उठून उभे राहिले.

"घाटावनं रोड?" मागून कुणीतरी म्हणालं.

सरपंच उठले. खिशातून चष्मा काढला, भिंतीवरच्या नकाशाजवळ गेले आणि हमरस्त्यापासून बोट फिरवत खाली आले. माळ, शेवंती, कठडे. बोट थांबलं.

"आयला," ते हळूच म्हणाले.

त्यांच्या गोठ्यात शर्यतीची बैलजोडी होती. हॉलमधल्या निम्म्या घरांत होती. गावाचा घाट मोडून रोड करा, असं म्हणणारा माणूस त्या गावात पुन्हा निवडून आला नसता, आणि त्याला सोयरीकही मिळाली नसती.

"पर जीप कुनाची व्हती?" एक म्हातारा ओरडला.

सगळ्या माना सरपंचांकडे वळल्या. पावसाळ्यात त्यांनी नवी जीप घेतली होती आणि घाटावर शिकत होते, हे गावाला माहीत होतं. पहिला हसला तो त्यांचाच भाऊ. मग जो हशा उठला, तो थांबेना. सरपंच आधी ओशाळले, मग त्यांनाही आवरेना. "म्हंजी माझ्यामुळंच की वो ताई," ते मुलीला म्हणाले, "मी गाडी नीट शिकलो असतो तर तुमाला जीप तरी दिसली नसती." मुलगी रडत होती आणि हसत होती. माझा जीव भांड्यात पडला, आणि खरं सांगायचं तर मला तिचा अभिमान वाटला.

उसाच्या वाहतुकीसाठी ओढ्याकडची जुनी पाणंद रुंद करायची, असं तिथल्या तिथे लोकांनीच सुचवलं. बोर्ड लावणारे दोघे-तिघे फणफणत उठून गेले, पण घाटाविरुद्ध चकार शब्द कुणी काढला नाही. गर्दी पांगताना मावशी पुढे आल्या.

"मग माजं दार?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. नियमाप्रमाणे अंतिम मंजुरीपर्यंत मी काही बोलायचं नव्हतं. मी बोलले नाही. मान मात्र जोरात हलवली.

पुढे सगळं रीतसर झालं. सुधारित नकाशात तो पट्टा खेळाच्या मैदानाच्या रंगाने भरला आणि मुलीने त्यावर स्वतःच्या हाताने "घाट" असं लिहिलं. आमच्या सूचीत तसा शब्द नाही. मी तिला तो खोडायला लावला नाही. काम सोडायचं तिने पुन्हा काढलं नाही. ऑफिसातल्या नकलेत मात्र नवा भाग आला आहे, "डोळे घरी ठेवून आलीस का?" हा. तो मी स्वतः ऐकला आहे.

चैत्रात यात्रेचं बोलावणं आलं. आम्ही पाचही जण गेलो. घाटाच्या दोन्ही कठड्यांवर माणूस मावत नव्हता, हवेत भंडारा, पिपाण्यांनी कान किटले होते. लाऊडस्पीकरवाल्याने आम्हाला हेरलं. "आपला रोड बघायला मॅडम आल्यात होऽ, बैलगाडीवाल्यांनो, साईड द्या!" सगळा घाट हसला. मुलीने हात जोडून सगळीकडे नमस्कार केला. मग पहिली गाडी सुटली, आणि बैल धूळ उडवत वर आले ते बघून ती माझा दंड घट्ट धरून किंचाळली. हा दिवस तिला आता दिसला होता.

दुपारी आबा आम्हाला घराकडे घेऊन गेले. भिंती उभ्या राहिल्या होत्या, वर पत्रे पडले होते, दाराला सागवानी चौकट बसली होती. शेवंतीच्या वाफ्यांपलीकडे घाट थेट दारासमोर येत होता. "येखादा बैल थांबला न्हाई तर सरळ सोप्यात यायचा," आबा म्हणाले. "येऊ दे. चहा पाजू."

आम्ही सवयीने दाराकडे निघालो. मावशी घराच्या मागल्या अंगाने वळसा घालून समोर आल्या. चौकटीला हळदीकुंकू लावलेलं होतं, उंबऱ्यावर फुलं होती, आणि त्या फुलांना पाय लागल्याची खूण नव्हती.

"मागनं का येता, मावशी?" मुलीने विचारलं.

"गवंडी मागनंच ये-जा करत्यात, मीबी तितनंच जाती," मावशी म्हणाल्या. "ह्या दारातनं अजून कुनीबी गेलं न्हाई. ह्यांनाबी जाऊ दिलं न्हाई मी. म्हनलं, ती पोरगी यील, पयलं पाऊल तिचं. तू व्हतीस म्हनून ऱ्हायलं हे दार."

मुलगी उंबऱ्याशी थांबली. तिने चौकटीवर हात ठेवला, जिथून तिने एकदा रस्ता नेला होता. मग मागे सरली आणि मावशींचा हात धरला.

"आधी तुम्ही," ती म्हणाली. "दार तुमचं आहे."

मावशींनी आबांकडे पाहिलं. आबांनी नुसती मान डोलावली. मावशींनी पदर खांद्यावरून पुढे घेतला, खाली वाकून उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला टेकवला, आणि फुलं न तुडवता आत पाऊल टाकलं. आत गेल्यावर क्षणभर त्या पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या. मग वळल्या, दोन्ही हातांनी चौकट धरली, आणि बाहेर उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना म्हणाल्या, "या."